तोंडावर जाऊ नये

जुना ब्रिटिश ट्रक ओळखायला निघालेला माणूस पहिली चूक अर्ध्या सेकंदात करून मोकळा होतो: तो ट्रकच्या तोंडाकडे बघतो. यात त्याचा फारसा दोष नाही. माणसं, गाई, मोटारी आणि पुढारी आपण तोंडावरूनच ओळखत आलो आहोत, आणि पुढारी सोडले तर ही पद्धत बरी चालते. पण साधारण १९३० ते १९८० या काळातल्या ब्रिटिश मालट्रकांपुढे ती सपशेल आडवी होते. माझं म्हणणं असं की या गाड्यांच्या बाबतीत तोंड हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. त्यावर लिहिलेलं नाव त्याहून कच्चं आणि नावापुढचा आकडा तर निव्वळ अफवा. दर वर्षी मे महिन्यात लंडनहून ब्रायटनला जुन्या मालवाहू गाड्यांची फेरी जाते, १९६२ पासून जाते आहे. तिथे समुद्रकाठी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की प्रेक्षकांचे दोन वर्ग आपोआप पडतात. एक वर्ग समोर उभा राहून फोटो काढतो. दुसरा गाडीखाली वाकलेला असतो आणि त्याची फक्त पाठ दिसते. गाडीचं मॉडेल विचारायचं झालं तर त्या पाठीला विचारावं.

तोंडाविरुद्ध आरोपपत्र द्यायचं तर सुरुवात ‘लॅड’ केबिनपासून करावी लागेल. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॉव्हेंट्रीच्या मोटर पॅनेल्स या कारखान्याने पत्र्याचं एक देखणं केबिन काढलं आणि ते तीन गिऱ्हाइकांना विकलं: लेलँड, आल्बियन आणि डॉज. या तिघांच्या आद्याक्षरांवरूनच जाणकार त्याला लॅड म्हणतात. आल्बियन ही ग्लासगोची कंपनी लेलँडने १९५१ मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे त्या दोघींनी एकच तोंड वापरलं तर ते एका घरातलं साम्य म्हणून सोडून देता येईल. पण डॉज होती अमेरिकेच्या क्रायस्लरची, म्हणजे बाजारात लेलँडची थेट प्रतिस्पर्धी. एकाच गिऱ्हाइकाकडे दोन कंपन्यांचे विक्रेते गेले, तर एकमेकांच्या मालाला नावं ठेवताना दोघांनाही केबिनबद्दल गप्प बसावं लागत असणार. फरक होता तो पुढच्या जाळीत आणि बिल्ल्यात. जाळी ही स्क्रू काढले की हातात येणारी वस्तू आहे आणि बिल्ला तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या गाडीवर दिसू शकतो. म्हणजे साठ वर्षांनंतर समोर उभ्या असलेल्या गाडीच्या ओळखीचा सगळा भार अशा दोन गोष्टींवर पडतो, ज्या सुटतात, गंजतात आणि चोरीलाही जातात.

हा एखाददुसरा अपवाद असता तर मी एवढा आवाज केला नसता. पण त्याआधीही डॅगनमच्या ब्रिग्ज मोटर बॉडीजने एकाच घडणीची केबिनं फोर्डच्या थेम्सला, क्यू इथे बनणाऱ्या डॉजला आणि लेलँडच्या कॉमेटला पुरवली होती. त्यानंतर १९६४ मध्ये एर्गोमॅटिक केबिन आलं. पुढे झुकवून इंजिन उघडं करता येणारं हे केबिन लेलँड, एईसी आणि आल्बियन तिघांच्याही चासीवर चढलं. ऑस्टिनचा १९३९चा के मालिकेतला ट्रक बेडफर्डसारखा इतका दिसायचा की लोकांनी त्याचं नावच ‘बर्मिंगहॅमची बेडफर्ड’ पाडलं. आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, एफजी ट्रकचे दरवाजे कोपऱ्यात तिरपे लावलेले असत, म्हणून त्याच्या केबिनला बारा कोनी नाण्यावरून ‘थ्रीपेनी बिट’ म्हणत. तो ट्रक ऑस्टिन या नावाने विकला गेला, मॉरिस नावाने विकला गेला, पुढे नुसता बीएमसी म्हणून आणि शेवटी लेलँड म्हणूनही. अरुंद गल्लीत दरवाजा भिंतीला घासू नये म्हणून केलेली ती तिरपी सोय मात्र चारही नावांत तशीच राहिली, आणि ड्रायव्हरच्या दृष्टीने महत्त्वाची तेवढीच होती.

यामागे फसवणूक नव्हती, हिशेब होता. पत्र्याचं केबिन ठोकायचे साचे भयंकर महाग. मोटारी लाखांनी खपतात, त्यामुळे तो खर्च वाटला जातो. ट्रक वर्षाला काही शे किंवा काही हजार खपणार, मग स्वतःचं तोंड कुणाला परवडणार? ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी ते विकत आणलं, किंवा लाकडाच्या सांगाड्यावर सुताराकडून बनवून घेतलं, किंवा फायबरग्लासचं केलं. बेडफर्डसारख्या मोठ्या खपाच्या कंपनीला स्वतःचं तोंड परवडलं, म्हणून बेडफर्ड लांबून ओळखू येते. इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे.

आक्षेप असा: बेडफर्ड टीके तर शाळकरी पोरगंही ओळखतं. खरं आहे. १९५९ मध्ये आलेली टीके, इंजिन केबिनच्या मागे, त्यावर बाजूने उघडणारं झाकण, आणि पुढे तो शांत, रुंद चेहरा. ब्रिटनमध्ये ती दुधापासून कोळशापर्यंत आणि घोड्यांपासून आगीच्या बंबापर्यंत सगळ्याखाली दिसायची. पण ‘ही टीके आहे’ हे उत्तर नव्हे, ती प्रश्नाची सुरुवात आहे. हा चेहरा वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ तसाच राहिला. त्यामागे पेट्रोल इंजिन आहे की डिझेल, वजनाचा कोणता गट आहे, चासी आखूड की लांब, यातलं काहीही तो सांगत नाही. १९६६ मध्ये वजनदार कामासाठी केएम आली, तीही त्याच चेहऱ्याची. याहून खट्याळ उदाहरण ‘ग्रीन गॉडेस’चं. १९५०च्या दशकात युद्धाच्या भीतीपोटी ब्रिटिश सरकारने हिरव्या रंगाचे हे आगीचे बंब बेडफर्डच्या चासीवर बनवून घेतले, आणि १९७७च्या अग्निशामक कर्मचाऱ्यांच्या संपात सैनिकांनी ते रस्त्यावर आणले. त्यात दोन जाती: एकीची मागचीच चाकं ओढतात, दुसरीची चारही. बॉडी तीच, रंग तोच. कोणती कुठली, हे कळायला गुडघे टेकून पुढच्या आसाला डिफरन्शियलचा गोळा आहे की नाही ते बघावं लागतं. म्हणजे जिथे तोंड अगदी प्रामाणिक आहे, तिथेही ते अर्धंच बोलतं.

बरं, तोंड सोडा, नाव वाचा, असं कुणी म्हणेल. नावं वाचायला मजा येते हे मी मान्य करतो. लेलँडने तर अख्खा प्राणिसंग्रह पाळला होता: चार चाकांची बीव्हर, सहा चाकांची हिप्पो, आठ चाकांची ऑक्टोपस. ऑक्टोपसचा हिशेब बरोबर जुळतो. पाणघोड्याला सहावा पाय कुठून फुटला, हे लँकशायरमध्ये कुणी विचारलेलं दिसत नाही. पुढे सत्तरीत त्यांनी कुत्री पाळली, टेरियर, बॉक्सर, मॅस्टिफ, आणि निदान तिथे तरी कुत्र्याच्या आकाराप्रमाणे टनही वाढत गेले. साउथॉलच्या एईसीने ट्रकांची नावं ‘एम’वरून आणि बसची ‘आर’वरून ठेवायची असं ठरवलं आणि मग शब्दकोशातलं एक पान संपेपर्यंत थांबले नाहीत: मर्क्युरी, मोनार्क, मँडेटर, मार्शल, मस्टँग, मिलिटंट, मॅमथ मेजर. इतकंच नव्हे तर मॅमथ मायनरही, म्हणजे बारीकसा अजस्र. गिल्डफर्डच्या डेनिसने पॅक्स आणि मॅक्स ही जोडी काढली. रेल्वेच्या मालधक्क्यावर पार्सलं ओढणाऱ्या तीन चाकी गाडीला स्कॅमेलने स्कॅरब म्हटलं, म्हणजे शेणकिडा. कामाच्या दृष्टीने हे नाव मला सगळ्यात नेमकं वाटतं.

पण पुरावा म्हणून ही नावं कोर्टात टिकणार नाहीत, कारण ती एका जागी थांबत नाहीत. आल्बियनने आपल्या गाड्यांना स्कॉटिश बाण्याची नावं दिली: चीफ्टन, क्लाइड्सडेल, रीव्हर. सत्तरीच्या सुरुवातीला आल्बियन हे नाव मालक कंपनीने पुसलं, आणि त्याच गाड्या लेलँड चीफ्टन, लेलँड क्लाइड्सडेल म्हणून विकायला लागल्या. एईसी मॅटाडोर म्हणाल तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या महायुद्धात तोफा ओढणारी चारही चाकं फिरणारी धिप्पाड गाडी येते. पण त्याआधी, तिशीत, याच नावाचा साधा दोन आसांचा मालट्रकही होता. बरं, त्या लढाऊ मॅटाडोरचा खरा मॉडेल क्रमांक ओ८५३. त्यातला ‘ओ’ हा ऑइलचा, म्हणजे डिझेल इंजिनाचा. पण पुढे तीन आकडे असल्यामुळे बहुतेक लोक तो शून्य समजून वाचतात आणि तसाच लिहितात. इंजिनाच्या जातीचा एवढा मोलाचा पुरावा कंपनीने अगदी सुरुवातीलाच ठेवला आणि जगाने त्याची किंमत शून्य केली.

आकड्यांची कथा अशीच पुढे जाते. चेशरमधल्या सँडबाख गावच्या फोडन कंपनीची ‘एस२१’ घ्या. १९५८ची ही गाडी, फायबरग्लासचं गोलमटोल तोंड, मोठाले दिवे. ड्रायव्हर तिला मिकी माउस म्हणत, कुणी स्पुटनिक म्हणत. पण एस२१ हा गाडीचा क्रमांक नाहीच. तो केबिनचा क्रमांक आहे! गाडीचं खरं मॉडेल एफजी आणि पुढे आकडे, असं काहीतरी असतं, त्यातला एफ फोडनचा आणि जी तिच्या पोटातल्या गार्डनर इंजिनाचा. म्हणजे ‘माझ्याकडे एस२१ आहे’ असं म्हणणारा मालक खरं तर आपल्या ट्रकने कोणती टोपी घातली आहे तेवढंच सांगत असतो. सेडन अ‍ॅटकिन्सनने १९७५ मध्ये ४०० ही मालिका काढली, सुधारून तिची ४०१ केली आणि आणखी सुधारून ४-११. तीन पिढ्यांचं संशोधन एका आकड्यात आणि एका आडव्या रेघेत बसवण्याची ही काटकसर थक्क करणारी आहे. ईआरएफने ए, बी, सी अशा मालिका क्रमाने काढल्या आणि सीनंतर एकदम ई काढली. डी कुठे गेली म्हणून तिच्या शोधात निघालेला नवखा संग्राहक अजून फिरत असेल.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. शहाणा वाचक म्हणेल, एवढा घोळ कशाला? नंबर प्लेट बघा, चासी नंबर बघा, कागद बघा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं, मग वय तर नक्की कळेल. कळतं, पण ते नोंदणीचं वय, गाडीचं नव्हे. लष्कराची गाडी पंधरा वर्षं छावणीत घालवून लिलावात आली की तिची मुलकी नोंदणी तेव्हा होते. त्यात सुरुवातीला अक्षर लावणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे काही जिल्ह्यांनी ते १९६५ पर्यंत मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये वर्षाची सुरुवात जानेवारीतून ऑगस्टमध्ये ढकलली, म्हणून ‘ई’ अक्षराच्या वाट्याला सातच महिने आले. उत्तर आयर्लंडच्या नंबरात तर वर्ष नसतंच, त्यामुळे ज्यांना गाडीचं वय झाकायचं आहे त्यांना तो नंबर फार आवडतो. १९८३ पासून सरकारने ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर काढला. ज्या गाडीचं वय किंवा ओळख काहीच सिद्ध करता येत नाही, तिला तो मिळतो. सरकारी यंत्रणेने आपल्याला कळत नाही असं छापील कबूल करून ते गाडीच्या पुढे-मागे लावायला लावावं, हे प्रशासनाच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावं लागेल.

चासी नंबर याहून बरा साक्षीदार आहे, हे मी नाकारत नाही. माझा रोख एवढाच की ट्रक ही जन्मली तशी राहणारी वस्तू नाही. मोटार म्हातारी होते. ट्रकला मात्र दुसरी नोकरी लागते. जत्रेतले पाळणेवाले जुने ट्रक घेऊन कापून आखूड करत. गॅरेजवाले युद्धातल्या मॅटाडोरवर नवं केबिन आणि क्रेन चढवून मोडक्या गाड्या ओढायला ठेवत. लाकूडवाले त्याच मॅटाडोरला जंगलात नेत. अशा गाडीची चासी एकीची, केबिन दुसरीचं आणि गिअर बॉक्स कुणाचा ते तिलाच ठाऊक. चासीवर ठोकलेला नंबर फक्त त्या लोखंडापुरता खरा असतो.

मग कान लावावा का? काही जाणकारांचा कानावर भारी विश्वास. कॉमरचं १९५४चं टीएस३ इंजिन असं की सिलिंडर तीन आणि पिस्टन सहा, प्रत्येक सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर. टू-स्ट्रोक, वर हवा कोंबणारा ब्लोअर. त्याचा तडतडाट घाटात अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा, आणि लोक त्याला ‘नॉकर’ म्हणत. हा आवाज ऐकून कॉमर ओळखता येते, हे मी बिनशर्त कबूल करतो. फक्त फोडननेही १९४८ मध्ये स्वतःचं टू-स्ट्रोक इंजिन काढलं होतं, तेव्हा कान कच्चा असेल तर तिथेही गोत्यात यायला होतं. आणि बाकीच्यांचं काय? मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टची गार्डनर इंजिनं इतकी भरवशाची आणि डिझेलला इतकी काटकसरी, की फोडन, ईआरएफ, अ‍ॅटकिन्सन, गाय, स्कॅमेल असे सगळे ट्रकवाले तीच बसवत. गार्डनरचा आवाज ओळखणारा माणूस गार्डनर ओळखतो. ते कुणाच्या पोटात आहे हे सांगायला त्याला डोळे उघडावेच लागतात. आणि डोळे उघडले की समोर तोंड.

म्हणून मी सुचवतो ती पद्धत आपल्याकडे लग्न ठरवताना जी चौकशी होते तिची आहे. मुलाचा फोटो बघून कुणी होकार देत नाही. मूळ गाव कोणतं, आजोळ कुठलं, भाऊबंदकी कुणाशी, थोरल्या घरातून धाकटे वेगळे केव्हा झाले, हे विचारतात. ट्रकलाही हेच विचारावं. सँडबाखचंच बघा. फोडन कंपनी वाफेच्या ट्रकांवर अडून बसली होती. एडविन रिचर्ड फोडन यांना डिझेल हवं होतं. ते बाहेर पडले आणि १९३३ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. घराण्याचं नाव थोरल्या कंपनीकडे, म्हणून त्यांनी फक्त आद्याक्षरं घेतली: ई. आर. एफ. पहिल्या ट्रकचा चासी नंबर त्यांनी एक न घालता ६३ घातला, कारण त्यांचं वय तेव्हा त्रेसष्ट होतं. त्या नंबरवरून आधी बासष्ट ट्रक झाले असतील असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक किती शास्त्रशुद्ध आणि किती चुकीचा! हा नंबर घराण्याची हकिगत माहीत असल्याशिवाय वाचताच येत नाही. तसंच आल्बियन १९५१ मध्ये लेलँडच्या घरात गेली, स्कॅमेल १९५५ मध्ये, एईसी १९६२ मध्ये, हे पाठ असेल तर गाडीवरचं प्रत्येक विजोड जुळवाजुळवीचं काम आपोआप तारखेला लागतं. एईसीच्या चासीवर एर्गोमॅटिक केबिन दिसलं की १९६४ पूर्वीची बात संपली, तोंडावर काहीही लिहिलेलं असो.

शेवटी उरतो तो व्यवहारी माणूस, जो विचारतो की हे सगळं करून मिळतं काय. त्याला एसटीच्या भांडारपालाची आठवण करून द्यावी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा ताफ्यात दहा जातींच्या गाड्या होत्या: शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. दहातल्या सहा तर निव्वळ ब्रिटिश. ज्याला ब्रेकचं लायनर, पाटे आणि फिल्टर मागवायचे असतात त्याला ‘पुढून गोल आहे, साहेब’ एवढं वर्णन पुरत नाही. मालिका चुकली की पार्सल बंदरावर महिनाभर बसून येतं आणि बसत नाही. तेव्हा मॉडेल ओळखणं हा रिकामटेकड्यांचा छंद होण्याआधी पगारी माणसांची डोकेदुखी होती, आणि त्या डोकेदुखीतूनच हे शास्त्र निघालं आहे.

यावर कुणी खवचटपणे विचारेल की इतकी भेसळ असेल तर यात ब्रिटिश काय उरलं. प्रश्न चांगला आहे, पण तो उशिरा विचारला. बेडफर्डची मालक व्हॉक्सहॉल १९२५ पासूनच अमेरिकेच्या जनरल मोटर्सची, आणि १९३१ची पहिली बेडफर्ड तत्कालीन शेव्हरोले ट्रकचीच सुधारलेली आवृत्ती होती. १९७४मध्ये कॉमर कमांडो म्हणून जन्मलेली गाडी पुढे डॉज झाली आणि मग रेनॉ. सँडबाखच्या दोन्ही घरांचा शेवट तर अधिकच चमत्कारिक. फोडनच्या शेवटच्या गाड्यांना डॅफ या डच कंपनीचं केबिन होतं, ईआरएफच्या शेवटच्या गाड्या म्हणजे जर्मनीच्या मॅनवर ईआरएफचा बिल्ला. आणि लेलँड? लँकशायरमधल्या लेलँड गावात ट्रक आजही बनतात, चांगले बनतात, पण त्यांच्या तोंडावर डॅफ लिहिलेलं असतं. तोंडावर लेलँड लिहिलेला नवा ट्रक बघायचा असेल तर एन्नोरला जावं, पंतनगरला जावं. भंडाऱ्यालाही अशोक लेलँडचा कारखाना आहे.